नल्लकुंट्याचा दफ्तरखाना

आबासाहेबांची स्मरणशक्ती तपासायला आलेले डॉक्टर मुंबईहून नुकतेच हैदराबादेत आले होते, म्हणून त्यांनी तीन सोपे प्रश्न काढले. इथल्या माणसानं ते प्रश्न काढले नसते.

पहिला प्रश्न, साल कोणतं. आबासाहेब म्हणाले, तेराशे सत्तेचाळीस फसली. डॉक्टरांनी वहीत फुली मारली. वास्तविक एकोणीसशे एक्कावन्नच्या हैदराबादेत धडधाकट माणसाला साल विचारलं तरी तो आधी विचारी, कुठलं पाहिजे. देवळात एक साल चाले, मशिदीत दुसरं, निजामाच्या कचेऱ्यांत आयुष्य गेलेल्यांच्या डोक्यात फसली, आणि पोलीस ॲक्शन झाल्यापासून इंग्रजी साल सक्तीचं झालं होतं. दुसरा प्रश्न, राज्य कुणाचं. आबासाहेब सावरून बसले आणि म्हणाले, आलाहजरतांचं. डॉक्टर पुन्हा फुली मारणार, तेवढ्यात आबासाहेबांचे चिरंजीव मुकुंदराव, जे वकील होते, त्यांनी नम्रपणे निदर्शनास आणलं की निजाम सध्या राजप्रमुख आहेत, तेव्हा उत्तर अगदीच चूक म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी फुली अर्धीच मारली. तिसरा प्रश्न, घरात माणसं किती. आबासाहेबांनी बोटं मोजून सांगितलं, चार. डॉक्टरांचा चेहरा उजळला. मग आबासाहेबांनी तपशील दिला. "मी, हे वकीलसाहेब, स्वयंपाकाच्या बाई, आणि ही मुलगी. हिच्याकडे काय काम दिलंय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

स्वयंपाकाच्या बाई म्हणजे त्यांच्या सूनबाई सुशीलाबाई. आणि ही मुलगी म्हणजे विमल, त्यांची एकुलती एक नात. वय वर्षं एकोणीस.

डॉक्टरांनी दोन औषधं सांगितली. ब्राह्मीचं तेल आणि धीर. तेल अफझलगंजात मिळालं.

धीराच्या बाबतीत प्रत्येकानं आपापली सोय पाहिली. आबासाहेब रोज जेवताना सुशीलाबाईंना अदबीनं विचारत, "बाई, तुमचं गाव कोणतं?" पहिले काही दिवस त्या पदर डोळ्यांना लावून "सोलापूर" म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की उत्तर कुणी लिहून घेत नाही. तेव्हापासून त्या सोमवारी बीदरच्या, मंगळवारी काशीच्या आणि आमटी बिघडली असेल त्या दिवशी लंडनच्या असत. आबासाहेब दर वेळी म्हणत, "बरंच लांबून आलात." मुकुंदरावांनी वकीलसाहेब ही पदवी निमूटपणे स्वीकारली. वडिलांनी आपल्याला उठून खुर्ची देणं त्यांना जड जाई, पण कोर्टात तेवढंही कुणी करत नसे.

विमलला मात्र अशी सोय जमेना. ज्या माणसानं तिला मांडीवर घेऊन बोरूनं लिहायला शिकवलं, त्यानं रोज सकाळी "आपण कोण?" म्हणून विचारावं, हे तिच्या मनाला लागत होतं. त्यात आता कामही त्यांच्याकडेच पडलं होतं.

काम असं. विमल इंटर पास होऊन जामबागेजवळच्या मुलींच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून निवडली गेली होती. फक्त तीस जूनच्या आत मुल्की दाखला हजर करायचा होता, म्हणजे ही मुलगी या मुलखातलीच आहे असं सरकारचं लेखी म्हणणं. दाखला आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीची.

विमल इथली नाही म्हणणाऱ्याला घराजवळच्या, नल्लकुंट्याच्या भाजीवाल्या हसल्या असत्या. ती त्यांच्याशी तेलुगूत भांडायची, शाळेत उर्दूत शिकली होती आणि घरी मराठीत उलटून बोलायची. इथला माणूस म्हणतात तो याहून वेगळा काय असतो. पण कागदावर तिचा जन्म सोलापूरचा होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत, आणि सुशीलाबाईंचं माहेर सोलापूर. वाटेत निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा लागतो, याचा बाळंतविडा भरताना कुणी विचार करत नाही. सव्वा महिन्याची ती परदेशवारी विमलला एकोणीस वर्षांनी भोवली.

दाखल्याचे अर्ज तपासायला नायब तहसीलदार म्हणून नामदेवराव बसत. त्यांना नागपूरहून येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि इथला कोण आणि बाहेरचा कोण हे ठरवायचं काम सरकारनं त्यांच्याकडे सोपवलं होतं. माणूस सज्जन होता, म्हणून नियम सोडत नसे. त्यांनी सांगितलं, दोन गोष्टी पाहिजेत. घरातल्या ज्या वडील माणसानं निजाम सरकारची नोकरी केली त्याची मुल्की सनद, आणि त्या माणसानं समक्ष येऊन अर्जदाराची पटवलेली ओळख. मुकुंदरावांनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. नामदेवराव म्हणाले, "वकिलांचं प्रतिज्ञापत्र आम्ही शेवटी वाचतो."

म्हणजे सनद आबासाहेबांची आणि ओळख पटवायचीही आबासाहेबांनीच, ज्यांना ही मुलगी कोण याचा पत्ता नव्हता. मुकुंदराव म्हणाले, आधी सनद सापडू दे, ओळखीचं नंतर पाहू. वकील लोक अवघड मुद्दा नेहमी पुढच्या तारखेवर टाकतात.

सनद घरातच होती. आबासाहेब एकतीस वर्षं सरकारी दफ्तरखान्याचे मोहाफिज होते. जुन्या मिसली, म्हणजे खटल्यांचे आणि जमिनींचे कागद, बस्त्यांत बांधून सांभाळायचे, आणि कुणी मागितले तर काढून द्यायचे. त्यांच्या हातून एक चिठोरा हरवला नाही असा लौकिक होता. आता हरवायचं ते सगळं एकदम हरवत होतं.

आठ दिवस घराची झडती चालली. ट्रंका उपसल्या, गाद्या उसवल्या, देवघराचं कपाट भिंतीपासून ओढलं. आबासाहेब खुर्चीवर बसून हे सारं वरिष्ठाच्या नजरेनं पाहत होते. मुकुंदरावांनी शेवटी सरळ विचारलं, सनद कुठं आहे. ते शांतपणे म्हणाले, "दफ्तरखान्यात आहे." मुकुंदराव टांगा करून थेट जुन्या सरकारी दफ्तरखान्यात गेले, दिवसभर तिथली धूळ खाल्ली आणि शिंका देत परत आले. सनद नव्हती. तोवर घरातली पितळी पळी, अडकित्ता, मुकुंदरावांचा जुना चष्मा आणि ब्राह्मीच्या तेलाची बाटली हीसुद्धा नाहीशी झाली. सुशीलाबाईंनी मोलकरीण बदलली.

अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, दिवेलागणीच्या आधी विमल भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला स्टुलावर चढली, तर घड्याळामागं एक लाल गाठोडं. आईच्या जुन्या खणाचा तुकडा, चारी टोकं आत दुमडून वर सुतळीची गाठ. आत पळी. पळीबरोबर वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि चिठ्ठी. चिठ्ठीवरची उर्दू शिकस्ता लिपीत होती, म्हणजे सरकारी कारकुनांच्या त्या धावत्या मोडक्या अक्षरात, जे लिहिणाऱ्यालाही संध्याकाळी लागत नाही. मुकुंदरावांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि चष्मा हरवल्याची तक्रार केली. कोर्टात शिकस्ता सगळ्यांना येई, म्हणजे येत नाही असं कबूल करणारा कुणी नव्हता. विमलनं मात्र सरळ वाचली. हेच अक्षर तिला शिकवलं होतं.

"पळी, पितळी, एक. मुदत तीन साल. बस्ता नंबर दोन."

दफ्तरखान्यात कागद किती वर्षं जपायचा याला मुदत म्हणत. मग तिला ते दिसू लागलं. अडकित्ता तुळईच्या खोबणीत होता, मुदत बारा साल. चष्मा ताटाळ्याच्या मागं, तोही बारा साल. तेलाच्या बाटलीवर लिहिलं होतं, नष्ट करण्यास हरकत नाही. एकही वस्तू हरवलेली नव्हती. सगळ्या दाखल झाल्या होत्या. आबासाहेब सकाळी दहाला पान खाऊन घरभर फिरत, याला घरची मंडळी भ्रम समजत होती. ते कामावर हजर होत होते.

विमल त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला सनद पाहिजे.

"दरखास्त?" आबासाहेबांनी विचारलं.

मुकुंदरावांना राहवलं नाही. "अहो, कसली दरखास्त. मी तुमचा मुलगा आहे."

"सगळेच कुणाचे तरी मुलगे असतात, वकीलसाहेब," आबासाहेब म्हणाले. "तोंडी सांगण्यावर मिसल निघत नाही. लेखी आणा. आणि आता चार वाजून गेले."

विमलनं रातोरात दरखास्त लिहिली आणि सकाळी दहाच्या ठोक्याला घेऊन गेली. आबासाहेब धोतरावर, उघड्या अंगानं पाय पसरून बसले होते. त्यांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. शुक्रवार होता. निजामाच्या कचेऱ्यांना जुम्म्याची सुटी असे. नव्या सरकारनं ती रविवारी नेली होती, पण तो हुकूम नल्लकुंट्याच्या शाखेत पोचला नव्हता.

त्या शुक्रवारी मुकुंदरावांनी पुन्हा गाद्या उसवल्या. विमल स्वस्थ बसली. तिला आता घाबरायचं कारण वाटेना. दोन वर्षं ती या माणसाला आपलं नाव सांगून सांगून थकली होती. बंद दाराशी ओरडत होती. दार चारलाच बंद होतं आणि दहाला उघडतं, हे कळल्यावर माणूस ओरडतो कशाला? तहसील कचेरी शनिवारी दोनपर्यंत उघडी असते, तेवढा वेळ पुरेल, असा तिनं हिशेब केला आणि झोपली.

शनिवारी दहाला आबासाहेब शेरवानी घालून तक्तपोसावर बसले होते. विमलनं दोन्ही हातांनी दरखास्त पुढे केली. त्यांनी पाहिली आणि परत दिली. शेरा मारायला अर्धा कागद कोरा सोडलेला नव्हता. तिनं दुसरी लिहिली, अर्धा कागद कोरा, खाली तारीख अमरदाद १३६० फसली. ती हिशेब करून काढली होती आणि तिला तिचा थोडा अभिमान होता. आबासाहेबांनी तीही परत दिली.

"ही तारीख तेरा वर्षं पुढची आहे. तेरा वर्षांनी यायची दरखास्त आज कशी घेऊ?"

दारात उभ्या सुशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. अकरा वाजले होते. विमलनं तिसरा कागद घेतला आणि तारीख घातली, १३४७. ही आबासाहेबांनी घेतली, चष्मा लावून शब्दन्शब्द वाचली.

"अर्जदार विमल, वालिद मुकुंदराव. सनदवाल्याशी नातं?"

"नात."

आबासाहेबांनी चष्मा काढला. "सनद माझी आहे," ते म्हणाले. "माझी नात सहा वर्षांची आहे. हिला नोकरी कशाला पाहिजे?"

विमलनं कागदावरची १३४७ पुन्हा एकदा पाहिली. म्हणजे ते तिला विसरले नव्हते. एवढी वर्षं ते तिला नीट सांभाळून बसले होते, फक्त सहा वर्षांची. तिनं या घरात आता चालतं तसं उत्तर दिलं. "पुढची तरतूद म्हणून, साहेब."

"हां. ते बरं." त्यांनी कोऱ्या अर्ध्या भागावर शेरा मारला, काढून देणे. मग उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. सुशीलाबाईंची परवानगी घेतली, शेरवानीची बाही खांद्यापर्यंत सारली आणि गव्हाच्या पिंपात हात घातला. वर्षाचा गहू होता. सुशीलाबाई त्यातून रोज वरचा गहू काढत आणि कीड लागू नये म्हणून तळाशी कडुलिंबाचा पाला त्यांनी स्वतःच घातला होता. आबासाहेबांच्या दृष्टीनं याहून चांगला दफ्तरखाना सबंध घरात नव्हता. ओल नाही, वाळवी नाही, वर दिवा नाही, आणि एक बाई दिवसभर पहाऱ्याला. गहू ओसंडून चुलीपर्यंत गेला. तळातून एक बस्ता आला, त्यावर चिठ्ठी होती, मुदत कायम.

आत सनद होती, मोहरेसकट. तिच्याखाली सोलापूरची तार, मुलगी झाली, दोघी खुशाल. त्याखाली एक पिवळा कागद, त्यावर लहान मुलाच्या हातानं वीस वेळा एकच शब्द लिहिलेला. विमल. कोपऱ्यात आबासाहेबांची तारीख, १३४७.

विमल त्या कागदाकडं बघत राहिली. मुकुंदराव म्हणाले, साडेअकरा.

आबासाहेबांनी सगळ्या बस्त्याची पावती घेतल्याशिवाय तो सोडला नाही, आणि बस्त्याबरोबर मोहाफिज स्वतः येणार असं सांगितलं, कारण असल म्हणजे मूळ कागद एकटा बाहेर जात नाही. ओळख पटवायला त्यांना कसं न्यायचं हा प्रश्न असा परस्पर सुटला. मुकुंदरावांनी दोन रिक्षा केल्या. आबासाहेब रुमी टोपी घालून निघाले, तेव्हा गांधी टोप्यांच्या त्या रस्त्यात लोक वळून पाहत होते. त्यांना वाटलं ओळखतात, म्हणून ते सगळ्यांना सलाम करत गेले.

नामदेवरावांनी सनद उलटसुलट केली. त्यांना उर्दू येत नव्हती. पेशकाराला, म्हणजे त्यांच्या कारकुनाला, येत होती, पण शिकस्ता नव्हे. आबासाहेबांनी ती उभ्यानं खणखणीत वाचून दाखवली आणि जाता जाता टेबलावरच्या रजिस्टरातल्या दोन नोंदी चुकीच्या पानावर आहेत असंही सांगितलं. पेशकारानं पाहिलं. होत्या. नामदेवरावांनी त्यांना खुर्ची देवविली.

"छान. आता आजोबा, एवढंच सांगा. ही तुमची नात ना?"

मुकुंदरावांनी डोळे मिटले. आबासाहेबांनी विमलकडं बघितलं, सावकाश, पायांपासून वर.

"माझी नात सहा वर्षांची आहे," ते म्हणाले.

नामदेवरावांनी टाक खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मुकुंदराव काहीतरी बोलायला उठले, पण विमलनं त्यांचा कोट धरून खाली बसवलं आणि स्वतः पुढे झाली.

"साहेब," ती आबासाहेबांना म्हणाली, "चेहऱ्यावरून शंका असली तर दस्तखत ताडून पाहायची रीत आहे ना?"

आबासाहेबांचा चेहरा खुलला. एवढ्या सगळ्या गर्दीत कुणीतरी कामाचं बोललं होतं. "आहे. असल काढा."

तिनं बस्त्यातला पिवळा कागद पुढे ठेवला. पेशकारानं कोरा कागद आणि टाक दिला. तिनं त्याच शिकस्तात आपलं नाव लिहिलं. आबासाहेबांनी शेरवानीतून भिंग काढलं आणि दोन्ही कागदांवरून ते हळूहळू फिरवलं. 

"हे लाम पाहा," अखेर ते विमलच्या नावातल्या शेवटच्या ल वर बोट ठेवून म्हणाले. "याचं पोट. शंभरदा सांगितलं, पोट आवर. असं सुटलेलं पोट साऱ्या रियासतीत एकाच मुलीच्या हातचं आहे." त्यांनी भिंग मिटलं. "हात तोच. इसम तोच. लिहा."

नामदेवराव गोंधळले. "पण आत्ताच तुम्ही म्हणालात, ती सहा वर्षांची आहे."

"ती माझी आठवण आहे, साहेब. हा कागद आहे. आठवणीवर भागलं असतं तर सरकारनं मला एकतीस वर्षं कशाला ठेवलं असतं?"

नामदेवराव सज्जन होते. नियमात समक्ष ओळख पटवणं लिहिलं होतं, कशावरून ते लिहिलं नव्हतं. त्यांनी टाक उचलला. पावणेदोनला दाखल्यावर शिक्का बसला आणि मुकुंदराव तो घेऊन धावत शाळेत नोंदवायला गेले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एखादा कागद मुदतीच्या आत कुठं पोचवला असेल.

परतीच्या रिक्षात विमल आबासाहेबांच्या शेजारी बसली. बस्ता त्यांच्या मांडीवर होता. पुलावर आल्यावर त्यांनी तिच्याकडं वळून अदबीनं विचारलं, "बाई, तुमचं गाव कोणतं?"

"इथलंच," विमल म्हणाली. "लेखी आहे."

"मग बरं." ते मुसा नदीकडं पाहत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं. लाम तेवढं सुधारा."

"नाही सुधारणार," विमल म्हणाली.

आबासाहेबांनी यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. मग बस्त्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आजच परत दाखल झाला पाहिजे. आज शनिवार. चारपर्यंत या."

विमलनं पाहिलं. अजून दोन तास होते, आणि गहू भरायचा होता.